हात थांबतो तेव्हा

आमच्या वर्ध्याला बायबल परके नाही. मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले. बोरगाव मेघेच्या माझ्या घरीही ज्ञानेश्वरीशेजारी बायबल आहे. त्यातील ईयोबाच्या पुस्तकातले एक वचन मात्र मला बरीच वर्षे उमगत नव्हते. सदतिसाव्या अध्यायातले सातवे. मुसळधार पाऊस पाठवून देव प्रत्येक माणसाचा हात थांबवतो, ते अशासाठी की सर्वांना त्याची करणी कळावी, असा त्याचा भाव. मला वाटे, शेतकऱ्याचा हात थांबवून देवाला काय मिळते?

जुलै २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. झड संपली तशी एका शेतकऱ्याच्या वावरात गेलो. सोयाबीनपेक्षा तण उंच झाले होते. तो म्हणाला, “देवानं हात बांधून ठेवले न जी, साहेब. थांबतो आणखी चार दिवस.” मला राहवले नाही. म्हणालो, “भाऊ, ऊन पडलं आहे, डवरे चालवा.” माझ्या शब्दाखातर त्याने बैल जुंपले.

माती वरून सुकलेली, आत चिखल. डवऱ्याने ती लिंपल्यासारखी झाली आणि ऊन लागताच तिची ढेकळे बनली. मुळांना हवा मिळेना, पीक पिवळे पडले. उपटलेले तण ओलीत पुन्हा रुजले. शेजाऱ्याने वाफशाची वाट पाहिली, त्याचे वावर सावरले.

मूठभर माती दाबून गोळा करावा, तो खाली टाकावा, फुटला तर वाफसा आला असे समजावे. ही परीक्षा मी गावोगाव शिकवली आणि त्या दिवशी मीच करायला विसरलो! पुन्हा त्याच्या घरी गेलो, चूक माझी होती असे सांगितले. तो काही बोलला नाही. घरच्या बाईंनी चहा आणून ठेवला. तो चहा घशाखाली उतरेना.

रात्री बायबल उघडले. जे वचन मला कळत नव्हते, ते त्या माणसाने आपल्या बोलीत मला आधीच सांगितले होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि आपल्या वेळेनेच निवळते. तिथे माझी पदवी घाई करू शकत नाही. हात थांबतो तेव्हाही वावरात काम चालूच असते, ते आपले नसते इतकेच.

मात्र यावरून कोणी नुकसान झालेल्या घराला “तुमच्या पापाचे फळ” म्हणू नये. ईयोबाच्या तीन मित्रांनी तेच म्हटले आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. त्याच ग्रंथात देव विचारतो की जिथे माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो. तिथे कोणाच्या पापाचा हिशेब?

हात थांबला म्हणजे हातावर हात धरून बसायचे, असेही नाही. बांधाच्या कडेने चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे, रोज मूठभर माती दाबून पाहावी. आता शेतकरी “थांबतो” म्हणाला, की मी आधी खाली वाकून माती हातात घेतो.