लहान विमान, मोठे विमान

मते उसनी घेता येतात. आवड उसनी घेता येत नाही. म्हणूनच आमचे स्नेही मोठ्या विमानाची थोरवी गाऊ लागले, म्हणजे त्यांचा एकेक मुद्दा मान्य करूनही आम्ही शेवटी हळूच म्हणतो, की आम्हांला आपले लहान विमानच बरे!

लहान म्हणजे दोन पंख्यांचे, सुमारे सत्तर आसनांचे एटीआर. त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. मोठी विमाने नऊशेच्या घरात जातात. ते घरघरते फार, आणि हवेत जरा गडबड झाली की डोलतेही. या डोलण्याला शास्त्रीय कारण आहे. पंखांच्या क्षेत्रफळाच्या मानाने विमानाचा भार जितका कमी, तितका वाऱ्याचा झोत त्याला अधिक हलवितो. चार माणसांच्या सेस्ना १७२ या विमानाच्या पंखांवर, ते पूर्ण भरलेले असता, दर चौरस मीटरला सुमारे सत्तर किलो भार पडतो. ए-३८० या प्रचंड विमानाच्या बाबतीत तोच आकडा सुमारे सहाशे ऐंशी आहे. एटीआर या दोहोंच्या मधले. तेव्हा ज्यांना पोटातले पाणी हलू द्यावयाचे नाही, त्यांनी मोठ्याच विमानाची कास धरावी, हे आम्हांस कबूल आहे.

परंतु मोठ्या विमानात दिसते काय? एका रांगेत दहा माणसे. त्यांतल्या दोघांच्या वाट्याला खिडकी, आणि त्या खिडकीतूनही पुष्कळदा पंखाचे पत्रेच दिसावयाचे. विमान पस्तीस हजार फुटांवर चढले की खालची पृथ्वी भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखी निर्जीव होते. एटीआरचा पंख डोक्यावर असतो आणि ते उडतेही बरेच खालून. पावसाळा सरल्यावर मुंबईहून कोल्हापूरच्या बाजूस अशा विमानाने जावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, त्यांवरची सपाट पठारे, आणि डोंगरांच्या बेचक्यांतून बोटे पसरून बसलेला कोयनेचा शिवसागर! एकीकडे समुद्राची रेघ, दुसरीकडे देशावरची शेते, आणि मध्ये कोकणची ती चिंचोळी पट्टी. घाट चढताना आपल्या पूर्वजांची जी दमछाक झाली असेल, तिचे माप येथे डोळ्यांनी घेता येते.

या आवडीत आम्ही एकटे नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली एअर इंडियाने १९७१ साली जंबो जेट आणले. परंतु १९८२ मध्ये त्या उड्डाणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे गृहस्थ तशाच एका जुन्या, लहानशा लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि तीच वाट एकट्याने पुन्हा उडून आले. जंबोचा कारभार केलेल्या माणसाला सोहळ्यासाठी लहान विमानच हवेसे वाटले, यात आम्हांला मोठा आधार वाटतो.

असो. पण मोठ्या विमानाचे एक ऋण आमच्या माथ्यावर आहे, आणि ते सांगितल्यावाचून ही गोष्ट पुरी होणार नाही. आमचे थोरले बंधू लंडनमध्ये अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही रात्रीच्या विमानाने निघालो. नऊ-दहा तासांचा प्रवास. खिडक्यांवर पडदे ओढलेले, दिवे मंद झालेले, तीनशे माणसे झोपलेली. आपण हलतो आहोत असेही वाटत नव्हते. त्या रात्री खाली पर्वत दिसले असते, किंवा विमान डोलू लागले असते, तर उरलेला एकेक कोस आम्हांला मोजावा लागला असता. त्या विमानाने आम्हांला काहीच दाखविले नाही. शेजारच्या अनोळखी गृहस्थाला आमचे तोंडही नीट दिसले नाही. पोहोचलो तेव्हा दादा शुद्धीवर होते. त्यांनी विचारले, “प्रवास कसा झाला रे?” आम्हांला सांगण्यासारखे काहीच आठवेना, आणि ते बरेच झाले. पुढचे चार दिवस मग तेच बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो.

तेव्हापासून मोठ्या विमानाची निंदा आमच्या तोंडून निघत नाही. अंतराची जाणीव नकोशी असते अशा वेळा आयुष्यात येतात, आणि त्या वेळी माणसाला अलगद उचलून नेणारे कोणीतरी असावे. परंतु वाचकहो, अशा वेळा थोड्या आणि ईश्वरकृपेने थोड्याच असाव्यात. बाकीच्या वेळी, मन स्वस्थ असेल आणि आकाश निवळलेले असेल, तर पंख्याच्या विमानात खिडकीची जागा मागून घ्यावी. डुलक्यांसाठी मोठे विमान आहेच!