साचेखात्याच्या छताखाली खेळ

कापड गिरणीचे साचेखाते, म्हणजे माग चालत तो विभाग, बहुधा एकमजली असे. त्याचे छत करवतीच्या दात्यांसारखे रचून दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे ठेवत, म्हणजे डोळ्यांवर ऊन न येता सुताचा प्रत्येक धागा दिसेल असा सौम्य उजेड दिवसभर मिळे. अशा शेडमध्ये कुटुंबांसाठी क्रीडाकेंद्र वसवताना त्या उजेडाखाली काळे फॉल्स सीलिंग ठोकणे ही सर्वांत वाईट चूक होय. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स या १९०५ च्या गिरणीच्या आवारात पुढे बोलिंग आले. त्याच कंपनीचे लखनौतील पलासिओ मात्र नवेच बांधलेले, २०२० मध्ये उघडलेले संकुल आहे. तालकटोरा किंवा ऐशबागच्या औद्योगिक वस्तीतील एखादी जुनी शेड हाती आली, तर तिथे मुंबईचा नकाशा जसाच्या तसा चालणार नाही.

मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो. लखनौ कर्कवृत्ताच्या उत्तरेस, जवळपास २७ अंशांवर आहे. तेथे भर दुपारचे ऊन उत्तरेच्या काचेतून कधीच येत नाही, फक्त उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे किरण अडवावे लागतात. म्हणून रांगत्या मुलांची जागा काचेखाली आणि पडद्यावरचे खेळ कडेच्या अंधाऱ्या पट्ट्यात, ही मांडणी लखनौत अधिक सहज जमते.

खांबांचे गणित यापेक्षा कठोर आहे. बोलिंगच्या लेनमध्ये चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर असते. पुढची धाव आणि मागचे यंत्र धरून ८० फुटांहून अधिक सलग लांबी लागते, तेव्हा खांबांच्या रांगा आधी आखून लेन त्यांच्यामध्येच बसवाव्या लागतात.

राजकोटच्या क्रीडाकेंद्रात २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत मुलांसह २७ जणांचा बळी गेला. त्यानंतर तरी दारांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. गिरणीची दारे रोज त्याच वाटेने येणाऱ्या कामगारांसाठी होती, तर येथे येणाऱ्याला इमारत ठाऊकच नसते, आणि धूर दिसताच आईबाप दाराकडे न जाता मुलाच्या दिशेने आत धावतात. म्हणूनच बाहेर पडण्याचे एक दार घसरगुंडीच्या पायथ्याशीच हवे, आणि आईबापांचे बाकडे असे हवे की तेथून मूल आणि ते दार दोन्ही दिसतील.