भुतांना जागा हवी

आमच्या कशेळीत भुतांना आता जागाच उरलेली नाही. खाडीकाठच्या चिंचा गेल्या, गोदामे आली. रात्रभर ट्रकांचे भोंगे! अशा ठिकाणी कोणते स्वाभिमानी भूत नांदेल?

त्यांची सोय रंगभूमीने मात्र केव्हाच केली. रत्नाकर मतकरींनी १९६२ साली ‘बालनाट्य’ संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि पोरे भिण्याऐवजी हसून लोळली. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ चित्रपटात तेच प्रभावळकर शाळामास्तर झाले, नि अशोक सराफांचे भूत त्यांच्या मदतीला धावले!

आजीच्या भुताने मला अंधारात पाऊल टाकू दिले नाही. चेटकिणीने त्याच अंधारात, नाट्यगृहात, हसत बसायला शिकवले. पण नाट्यगृह पुलापलीकडे, ठाण्यात. गोदामातल्या हमालांच्या मुलांना भूत भेटते ते ‘झोप, नाहीतर...’ एवढ्या दमापुरते.

मित्रहो, आपल्या नाट्यमंडळाला एखाद्या शनिवारी गावच्या शाळेच्या ओट्यावर चेटकीण उभी करता येणार नाही का? एक जुने लुगडे, एक केरसुणी आणि थोडे काजळ पुरे. भीती हसूनही घालवता येते, हे त्या पोरांना तिकिटाशिवाय कळायला हवे.