घरातल्या तेलाची पारख

व्यापारी कुटुंबांत ऑलिव्ह तेलाचा प्रवेश बहुधा रक्ततपासणीच्या अहवालामागोमाग होतो. घरातील कर्त्या पुरुषाचे कोलेस्टेरॉल वाढलेले असते, डॉक्टर आहार सांभाळण्यास सांगतात आणि परगावी शिकणारी नात फोनवरून या तेलाचे नाव सुचवते. दुसऱ्याच दिवशी शेंगदाणा तेलाच्या डब्याशेजारी हिरवट रंगाची एक महागडी बाटली येऊन बसते. किमतीमुळेच तिच्याविषयी आदर निर्माण होतो. परंतु ती कोणत्या प्रतीची, कशासाठी, किती दिवस टिकणारी, हे कोणी विचारत नाही. नवल असे, की हाच गृहस्थ दुकानात तुरीचा किंवा हळदीचा नमुना तळहातावर घेऊन, वास घेऊन, ओल पाहून मगच सौदा ठरवतो. पेढीवरची ही पारख घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते.

धान्याप्रमाणे या तेलालाही प्रती आहेत. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ही सर्वांत वरची. ताजी फळे यंत्राने वाटून, रसायन न वापरता आणि फारशी उष्णता न देता हे तेल काढतात. त्यातील मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि चवीतही दोष चालत नाही. त्याखालच्या 'व्हर्जिन' प्रतीत हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत असू शकते. बाटलीवर नुसते 'ऑलिव्ह ऑइल' किंवा 'प्युअर' लिहिलेले असेल, तर ते रिफाइंड तेलात थोडे व्हर्जिन तेल मिसळून तयार केलेले असते. 'पोमेस' म्हणजे पहिले तेल निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढलेले, नंतर रिफाइंड केलेले व थोडे व्हर्जिन मिसळलेले तेल. ते अपायकारक नव्हे. मात्र पोमेसला एक्स्ट्रा व्हर्जिनचा भाव देणे हा तोट्याचा सौदा होय. 'एक्स्ट्रा लाइट' या शब्दांनीही अनेकांची फसगत होते. येथे हलकेपणा रंगाचा आणि चवीचा आहे, उष्मांकांचा नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ९ कॅलरी असतात.

प्रत कळली की वापर आपोआप ठरतो. एक्स्ट्रा व्हर्जिनचा सुगंध आणि त्यातील गुणकारी घटक टिकावेत असे वाटत असेल, तर ते कोशिंबिरीवर, उकडलेल्या कडधान्यावर किंवा गरम भाकरीवर वरून घ्यावे. फोडणीला ते मुळीच चालत नाही, हा समज बरोबर नाही. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनमधून धूर साधारण १९० ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघू लागतो. मध्यम आचेवरची मोहरी-हिंगाची फोडणी त्याआधी सहज होते. पुऱ्या किंवा फरसाण तळण्यासाठी मात्र ते वापरणे म्हणजे केशर घालून आमटी करण्यासारखे आहे. तेथे रिफाइंड ऑलिव्ह, पोमेस किंवा घरचे शेंगदाणा तेल पुरेसे असते. तेल कोणतेही असो, धूर दिसताच आच कमी करावी. कढई पेटलीच, तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे.

तळून उरलेल्या तेलाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण काटकसर हा व्यापारी घरांचा संस्कार आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून खाद्यव्यावसायिकांसाठी नियम केला, की तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल पुन्हा वापरू नये. घरी हे मोजण्याचे साधन नसते. तेल काळपट व घट्ट झाले, त्यावर फेस राहू लागला किंवा ते पूर्वीपेक्षा लवकर धुरावू लागले, की त्याचा हिशेब संपला असे समजावे. असे तेल गाळून ताज्या बाटलीत ओतणे ही काटकसर नव्हे. त्याने चांगला मालही बिघडतो.

स्वस्त तेलाची खरी किंमत काय असू शकते, हे ऑलिव्हच्याच देशाने पाहिले आहे. १९८१ मध्ये स्पेनमध्ये, मुख्यतः माद्रिद व आसपासच्या भागांत, फिरते विक्रेते लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून ऑलिव्ह तेल म्हणून एक तेल विकत होते. ते होते कारखान्यांसाठी आणलेले, खाण्यास अयोग्य व्हावे म्हणून ॲनिलीन मिसळलेले रेपसीड तेल. सुमारे २० हजार माणसे आजारी पडली, ३०० हून अधिक दगावली आणि कित्येक जन्मभराची अपंग झाली. आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याचे बी मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने असाच घात केला. दोन्ही ठिकाणी माल कोणा ना कोणा व्यापाऱ्याच्या हातून गेला होता आणि घेणाऱ्याने विश्वासाने घेतला होता. म्हणून सीलबंद बाटली, १४ आकडी परवाना क्रमांक, आयातदाराचे नाव आणि तारीख पाहणे हा अविश्वास नव्हे. खऱ्या व्यापाऱ्याला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही.

शुद्धता तपासण्याचे घरगुती उपाय मात्र फसवे आहेत. फ्रिजमध्ये तेल गोठले म्हणजे ते अस्सल, असे नाही. रंगावरूनही प्रत ठरत नाही. रंगाचा मोह पडू नये म्हणून तेलाचे अधिकृत परीक्षक गडद निळ्या काचेच्या पेल्यातून चव घेतात. किंचित कडवटपणा आणि घशाशी जाणवणारा तिखटपणा हा या तेलाचा दोष नसून गुण आहे. दोष म्हणजे खवटपणा, आणि तो ओळखायला परदेशी शिक्षण लागत नाही. शेंगदाणा तेलाच्या डब्याचे झाकण उघडताच माल जुना की ताजा हे सांगणाऱ्या सासूबाई प्रत्येक जुन्या घरात असतात. नव्या बाटलीची पहिली पारख त्यांच्याकडेच सोपवावी.

घाऊक भावात पाच लिटरचा डबा घेण्याचा मोहही येथे आवरावा. प्रकाश, उष्णता आणि हवा हे या तेलाचे तीन शत्रू. गडद काचेची लहान बाटली घ्यावी, शेगडीपासून दूर बंद कपाटात ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. ओली मिरची किंवा पुदिना तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची नवी रीत धोक्याची आहे. लोणच्याला मीठ आणि आंबटपणा राखतो. नुसत्या तेलाखाली, हवा नसलेल्या जागी, बोट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते. असे तेल लागेल तेवढेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-चार दिवसांत संपवावे. मालिशीसाठी म्हणून विकली जाणारी बाटली तर स्वयंपाकघरात आणूच नये.

शेवटी उरतो प्रमाणाचा प्रश्न. रोजच्या तेलातुपात ऑलिव्हची भर घातल्याने हृदयाचे रक्षण होत नाही. काही तेल-तूप कमी करून त्या जागी ते घेतले, ताटात भाज्या व कडधान्ये वाढवली, तरच त्याचा उपयोग. ज्या घराला ते परवडत नाही, त्याने खंत करू नये. ताजे शेंगदाणा किंवा करडई तेल, मोजून वापरलेले, आजही तितक्याच मानाचे आहे. जमाखर्चात जमेची बाजू वाढवताना नावेची बाजू पाहावी लागते, हे व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. तोच नियम तेलाच्या बुधलीला लावायचा, एवढेच.