तुमच्या शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया किती?

आज जरा वेगळा विषय.

लहानपणी उन्हाळ्यात धुळ्याला मामांकडे जायचो. मामा बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. एका रात्री तिथला व्हॉल्व्ह गळला आणि अख्खी गल्ली पोरंबाळं उचलून पळाली. कोणी दगावलं नाही, पण मामांचे डोळे कितीतरी दिवस लाल होते. तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं, "वास आला का फडकं ओलं करून नाकाला लावायचं, अन् वाऱ्याला आडवं पळायचं." अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून ओलं फडकं.

परवा रावेरकडचा चुलतभाऊ केळीच्या कोल्ड स्टोरेजची दोन कोटेशनं घेऊन आला. एकात जुनी पद्धत, म्हणजे अमोनिया पाइपांतून प्रत्येक खोलीत फिरणार. दुसरं 'लो चार्ज'. त्यात थोडासाच अमोनिया, तोही मशीनरूममध्येच. तो ग्लायकॉल गार करणार आणि खोल्यांतून ग्लायकॉल फिरणार. दुसरं महाग. भाऊ म्हणाला, "दादा, जास्तीचे पैसे कशासाठी घालू? त्यापेक्षा फ्रिऑनच बसवतो ना!"

फ्रिऑनचं गणित त्याला सांगितलं. आर-२२ ची मुदत २०३० पर्यंत. आर-४०४ए चा एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशोबात तो सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. २०१६ च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२८ पासून अशा गॅसच्या वापराला मर्यादा आणि २०३२ पासून कपात. आज बसवलेलं मशीन वीस वर्षं चालवायचं, तर गॅस कुठून आणणार? अमोनियाला ही अडचण नाही. तो स्वस्त आहे आणि उष्णता भरपूर ओढतो. आपल्याकडच्या ४५ अंशांत हे छोटं काम नाही.

पण तो विषारी आहे. जिथे लो चार्ज घ्यायचा विचार होतो, तिथे खरं कारण हेच असतं. पर्यावरणाच्या प्रेमापोटी कोणी लाखो रुपये जास्त मोजत नाही. पूर्वी शेतात एकटं उभं असलेलं गोदाम आज वस्तीला खेटलंय. आत पॅकिंगला बायाबापड्या असतात. खोलीतला पाइप फुटला तर माणसांना धोका आणि मालही गेला. जाणते ऑपरेटर मिळणंही मुश्कील झालंय.

ग्लायकॉलमुळे वीज थोडी जास्त लागते, हे खरं. पण केळीला साधारण १३ अंशच पुरतात, त्याखाली साल काळी पडते. म्हणजे ग्लायकॉलला फार गार करावं लागत नाही, आणि तोटा आटोक्यात राहतो.

अर्थात लो चार्ज म्हणजे धोका शून्य नव्हे. गळती ओळखणारा सेन्सर, भोंगा आणि रात्रपाळीला शिकलेला माणूस हवाच.

भावाचं अजून ठरलेलं नाही. फरकाची रक्कम मोठी आहे, मान्य. पण त्याच्या जागेच्या कुंपणाला लागून शाळा आहे, आणि त्या पोरांना ओल्या फडक्याचं कोणी शिकवलेलं नाही.

तुमच्या शेजारी कोल्ड स्टोरेज किंवा बर्फाचा कारखाना असेल, तर एकदा जाऊन विचारा: अमोनिया किती किलो? भोंगा वाजतो का? विचारण्यात भांडण नाही, भो.