लंगोटाचा रंग

१९९१ साल. धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती, पोर दीड महिन्याची झाली होती. पोरीचे डोळे पिवळे, उतरायचं नाव नाही. एक दिवस बहीण म्हणाली, "दादा, लेकराची शी पांढरी व्हायलीय."

मी म्हणालो, "दुधावरचं लेकरू हाय. पांढरी नाही तर काय काळी व्हईल?"

आईनं कोवळ्या उन्हात धरायला सांगितलं. कुणीतरी काविळीची माळ आणून दिली. पोर वर्षाची व्हायच्या आत गेली.

दोन वर्षांमागं माझी थोरली लेक माहेरी बाळंत झाली. एकविसाव्या दिवशी आशाताई बाळ बघायला आल्या. नातवाचे डोळे अजून पिवळेच. त्यांनी आधी विचारलं, "शीचा रंग कसाय?" माझ्या पोटात गोळा आला. लेकीनं लंगोट दाखवला, हळदीसारखा पिवळा. तरी ताई म्हणाल्या, दोन आठवड्यांच्या वर कावीळ राहिली की रक्त तपासायचंच. जावयानं लंगोटाचा फोटो मोबाईलमध्ये घेतला अन् आम्ही परभणी गाठली.

रक्त चांगलं निघालं. अंगावर पिणाऱ्या लेकरांची साधी कावीळ होती. मग मी अवघडतच बहिणीच्या पोरीचं सांगितलं. डॉक्टर तरणे होते, पण घाई न करता ऐकून घेतलं. म्हणाले, काही थोड्या लेकरांच्या पित्ताच्या नळ्या बंद असतात. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शीला रंग येत नाही. साचलेलं पित्त लिव्हर खराब करतं. कासाई नावाच्या जपानी डॉक्टरांनी त्यावर ऑपरेशन काढलं. ते साठ दिवसांच्या आत झालं तर आशा जास्त. तैवाननं २००४ पासून देशभर शीच्या रंगांचं कार्ड आयांच्या हाती दिलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तर मोबाईलचं ॲप केलं, पूपएमडी नावाचं. लंगोटाचा फोटो काढला की रंग धोक्याचा आहे का ते सांगतं. रोग ठरवायचा तो डॉक्टरांनीच. ॲप फक्त वेळेत दवाखान्यात धाडतं.

कापसाचं पान लाल पडलं की मी त्याच दिवशी फोटो काढून जाणत्या माणसाला पाठवतो. बहिणीनं तर फोटो नाही, लंगोटच समोर धरला होता.

त्या पोरीला तेच होतं का, हे आता कुणी सांगणार नाही. घरी येऊन बहिणीला फोन केला. नातू बरा हाय, एवढंच बोललो.