काठीचा आवाज

देवाच्या काठीला आवाज नसतो, असे म्हणताना मराठी माणसाचा स्वर नेहमी किंचित खाली येतो. काठी जवळच कोठेतरी उगारलेली आहे आणि मोठ्याने बोलल्यास ती थबकेल, अशी धास्ती त्या स्वरात असते. काठी मारण्यासाठी असते हे मान्य केले, मारणारा सर्वसाक्षी आहे हेही मान्य केले, तरी तिला आवाज का नसावा हे मला उमगत नाही. सरकारदरबारी शिक्षा व्हावयाची तर गुन्हा वाचून दाखवितात, जप्ती यावयाची तर दवंडी पिटतात. वरच्या कचेरीत मात्र ना समन्स, ना कैफियत, ना निकालाची नक्कल. ज्याच्या पाठीवर ती बसते तो आपण कशाबद्दल मार खाल्ला हे न कळून वैद्य बदलीत राहतो. आणि ज्याने दाद मागितली त्याला आपली फिर्याद दाखल झाली, फेटाळली गेली की नुसतीच तहकूब आहे, याचा जन्मभर पत्ता लागत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात खुरपणीची मजुरी बुडाली म्हणून एका म्हातारीने वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर बोटे मोडली होती. लुगड्याच्या ओच्याला तणाची कुसळे तशीच चिकटलेली, पायांवर वावराची माती वाळलेली, आणि कानशिलांवर टेकविलेली ती दहा बोटे कडाकडा वाजत होती. काठीला नसलेला आवाज त्या बोटांना होता, एवढे मी शपथेवर सांगेन. पुढे वाड्यात जे जे बिघडले ते ते गावाने त्या बोटांच्या खाती जमा केले: बैल दगावला, विहीर आटली, धाकट्याचे ठरलेले लग्न मोडले. मालक स्वतः पिकल्या पानासारखे, नातवंडांच्या गराड्यात गेले, हे मात्र कोणी कोणत्याच खाती मांडले नाही. म्हातारीची शेळी त्याच साली मेली. ते तिचे प्राक्तन. बैल मेला तर न्याय आणि शेळी मेली तर नशीब, हा जमाखर्च कोणत्या कारकुनाने लिहिला असेल, असा विचार मनात येतो आणि आपणच तो लिहीत आलो, हे ध्यानात येऊन मी जरा चपापतो.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणावयाचे, जिभेला अजून वळण पडावयाचे आहे) या विषयाचे न्यायासनच आहे. नेवासे तालुक्यातील शिंगणापुरास उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नसलेली ती काळी शिळा उभी आहे. चोरी करणाऱ्यास शनिदेव पाहून घेतो या भरवशावर तेथील घरांना दारे नव्हती, आणि २०११ मध्ये एका बँकेने आपली शाखाही तेथे कुलपाविना उघडली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. त्याला मी नास्तिकपणा म्हणत नाही. मला खटकते ते निराळेच. हा न्याय भांड्याकुंड्यांच्या चोरीला ठाऊक आहे. बुडविलेल्या मजुरीला तो चोरी समजतो काय? शिवाय साडेसाती राशीप्रमाणे येते, कर्माप्रमाणे नव्हे. ती मालकाला येते तशी सालगड्यालाही येते, आणि तेल वाहून ती सौम्य करावयाची तर ज्याच्या घरी तेल आहे त्याचीच सोय आधी लागते. त्या चौथऱ्यापासून जेमतेम दोन कोसांवरील सोनईत, २०१३ च्या पहिल्याच दिवशी, शौचकूपाची टाकी साफ करावयाची आहे असे सांगून बोलावलेल्या मेहतर समाजातील तिघा तरुणांना प्रेमप्रकरणाच्या रागातून ठार मारण्यात आले. निकाल लागला तो नाशिकच्या सत्र न्यायालयात, २०१८ साली. त्याला आवाज होता, साक्षीपुरावे होते, आणि पाच वर्षे होती.

आवाजाचा प्रश्न निघाला की मला १८७५ आठवते, आणि ते आठवले की मूळ विषय बाजूस राहतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात पेटलेले दंगे आमच्या पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. अमेरिकेतील यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, फेरपाहणीत शेतसारा वाढला होता, आणि मुदतीच्या कायद्याचा आधार घेऊन सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवे खत लिहून घेत होता. कुणब्याने ते वाचलेले नसे. त्याचा अंगठा मात्र त्यावर असे. म्हणून जमावाने सावकाराचा जीव मागितला नाही, कागद मागितले. खते, रोखे, हुकूमनामे यांची होळी झाली. जेथे कागद मुकाट्याने हाती आले तेथे अंगाला बहुधा धक्का लागला नाही. एवढा नेमका राग मी इतिहासात क्वचितच पाहिला आहे. त्यांनी आकाशातील काठीची वाट पाहिली नाही असे म्हणावे, तर कदाचित त्यांना आपणच ती काठी आहोत असे वाटले असेल, कोण जाणे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि खताच्या मागे काय दडले आहे हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. इथवर हिशेब जुळतो. परंतु दंगा आणि कायदा यांच्या मधोमध, १८७६ मध्ये पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. तो याच तालुक्यांवर पडला, आणि पेवे ज्याची रिकामी होती त्याच्यावर आधी पडला. त्या काठीलाही आवाज नव्हता.

नेवाशातच, त्याच तालुक्यात, पैसाच्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले, ज्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सुनावले गेल्याची कथा आपण ऐकत आलो, त्यांच्यापैकी एकाने ग्रंथ संपविताना दुर्जनांसाठी शिक्षा मागितली नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, एवढेच मागितले. बोटे मोडण्याचा ज्याला पुरा हक्क होता त्याने ती मोडली नाहीत, याने मी दिपून जातो. त्या म्हातारीला मात्र हे सांगण्याचा धीर मला झाला नसता. वाकडेपणा गेलेला मालक त्या हंगामाची मजुरी व्याजासह मोजून देईल, की आता माझे मन निर्मळ झाले एवढ्यावरच खाते बंद करील, याविषयी त्या मागण्यात काही आलेले नाही.